गोव्याच्या अंगणातून तारकागुच्छ आणि तेजोमेघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बीण घरात आली की पहिल्या आठवड्यात चंद्र, गुरू आणि शनी बघून होतात. पुढे काय, असा प्रश्न पडलेल्यांसाठी तारकागुच्छ (ताऱ्यांचे पुंजके) आणि तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) यांचं हे पान आहे. उत्तरं गोव्यातून, म्हणजे साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावरून, बघणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. परदेशी मार्गदर्शिका बहुतेक चाळीस-पन्नास अंश उत्तरेच्या वाचकांसाठी असतात. त्यातलं ‘क्षितिजाजवळ, बघायला अवघड’ हे वाक्य आपल्याला पुष्कळदा लागू पडत नाही.

गोव्यातून नेमकं काय चांगलं दिसतं?

दक्षिण. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर असतो, त्यामुळे उत्तर ध्रुवाजवळचं आकाश माडांच्या शेंड्यांत अडकतं. त्याची भरपाई दक्षिणेला दामदुपटीनं होते. एखादी गोष्ट जास्तीत जास्त किती वर येईल याचा हिशेब सोपा आहे. दक्षिणेच्या वस्तूसाठी ९० मधून १५.५ वजा करा आणि तिची दक्षिण क्रांतीही (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) वजा करा. वृश्चिकाच्या शेपटीजवळच्या एम ७ ची (‘एम’ म्हणजे मेसिये या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक) क्रांती उणे ३५ च्या आसपास आहे, म्हणजे तो ४० अंशांपर्यंत चढतो. लंडनहून तो क्षितिजाला कसाबसा टेकतो. धनु राशीतला एम ८ पन्नास अंशांवर येतो, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २७ वर आणि करिना तेजोमेघ १५ वर. ४७ टुकानी हा दक्षिणेचा दुसरा मोठा तारकागुच्छ मात्र हिशेबात दोन-अडीच अंशांवर येतो. तो दिसतो असं धरून गच्चीवर चढू नका.

उत्तरेचंही सगळं हातचं जात नाही. शौरीतला एम १३ सत्तरीच्या घरात चढतो आणि ययातीतला जुळा तारकागुच्छ ४८ अंशांवर येतो. कृत्तिका तर जवळजवळ डोक्यावर येते.

वर्षातले कोणते महिने कामाचे?

जून ते सप्टेंबर सोडून द्या. मधूनच एखाद्या रात्री पावसानं धुतलेलं, लख्ख आकाश मिळतं, पण त्यावर बेत आखता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की संध्याकाळी साडेसात-आठला धनु रास दक्षिणेला अजून चांगली वर असते. पावसाळ्यात हुकलेले एम ८, एम १७, एम २२ तेव्हा गाठायचे. हाताशी दीड-दोन तासच असतात, म्हणून अंधार पडायच्या आत दुर्बीण बाहेर हवी. दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांचा धूर आणि नरकासुरांची रोषणाई असते, तेव्हा तेजोमेघांचा नाद सोडलेला बरा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगामाचा गाभा. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेबाराच्या सुमारास आणि जानेवारीच्या मध्यावर साडेदहाला सर्वांत उंच असतो. सारथीतले एम ३६, ३७, ३८, मिथुनातला एम ३५, व्याधाखाली चार अंशांवरचा एम ४१ आणि पुष्य, म्हणजे एम ४४, हे सगळे याच दिवसांत.

मार्चमध्ये रानातल्या वणव्यांचा धूर आणि धूसरपणा त्रास देतो. एप्रिल-मे दक्षिणेचे महिने: करिना आणि ओमेगा सेंटॉरी. मध्यरात्र उलटली की वृश्चिक आणि धनुही वर येतात. मेच्या उत्तरार्धात ढग जमू लागतात आणि दक्षिणेला विजा चमकतात, म्हणून यादीतल्या मोठ्या गोष्टी एप्रिलमध्येच उरकून घ्या.

घराच्या अंगणातून दिसेल का? की सत्तरी-सांगेला जावंच लागेल?

तारकागुच्छांना अंगण पुरतं. तेजोमेघांना काळोख हवा. तुमचं आकाश किती काळं आहे हे कृत्तिकेवरून कळतं. ती डोक्याजवळ असताना अर्धा तास अंधारात बसा आणि नुसत्या डोळ्यांनी तारका मोजा. सहा स्वच्छ दिसल्या तर साधारण ४.३ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) दिसतंय, म्हणजे एम ४२, एम ८ आणि ठळक तारकागुच्छ अंगणातून जमतील. सातवी-आठवीही दिसली तर आकाश पाचव्या प्रतीच्या पुढचं आहे, बाहेर कुठे जायची घाई नको. चारच दिसत असतील तर निदान अंधुक तेजोमेघांसाठी तरी गाडी काढा.

कुठे जायचं ते प्रकाश कुठून येतो त्यावर ठरतं. कळंगुट-बागा पट्टा, मांडवीतली कॅसिनोची जहाजं, वेर्णा औद्योगिक वसाहत, मुरगाव बंदर, मोपा आणि दाबोळी हे दोन विमानतळ ही मुख्य प्रकाशकेंद्रं. दोनापावलाला समुद्र समोर मोकळा आहे खरा, पण दक्षिणेला झुवारीपलीकडे मुरगावचे दिवे आहेत. ओमेगा सेंटॉरीसाठी ती जागा नको. काणकोण, नेत्रावळी, मोले, वाळपईच्या पलीकडचा भाग काळोखाला चांगला. मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी पूर्व क्षितिज डोंगरामागे जातं, त्यामुळे उगवणाऱ्या गोष्टी तासभर उशिरा दिसतात. उघड्या सड्यावर चारही बाजू मोकळ्या मिळतात, पण दिवसभर तापलेला जांभा दगड रात्री उष्णता सोडतो आणि पहिले दोन तास प्रतिमा थरथरते. गवत किंवा मातीची जागा त्याहून बरी. अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायला परवानगी लागते, ती आधी काढा.

अंगणातच बसायचं असेल तर रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा थेट उजेड अडवणं हेच निम्मं काम. बांबूच्या चौकटीवर काळं कापड ताणून आडोसा करा आणि डोळा नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) लावताना डोक्यावरून काळा टॉवेल घ्या. शेजारी हसतील, हसू द्या. आणि वीज गेली तर तक्रार नोंदवण्याआधी दुर्बीण बाहेर काढा.

चंद्र किती दिवस अडवतो?

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. तेजोमेघांसाठी संध्याकाळ हवी असेल तर कृष्ण पंचमी-षष्ठीपासून अमावास्येपर्यंत आणि पुढे शुक्ल तृतीया-चतुर्थीपर्यंतचे दिवस घ्या. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर आकाश तुमचं. खुल्या (विरळ, विखुरलेल्या) तारकागुच्छांना चंद्राचं एवढं वावडं नाही, अष्टमीच्या चंद्रातही एम ७ किंवा एम ४१ बघता येतो.

कोणती दुर्बीण घ्यावी?

या कामाला व्यास लागतो. खोक्यावर छापलेले ६७५ पट वगैरे आकडे वाचूच नका. उपयोगी विशालनाची कमाल मर्यादा मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ७० मिमी दुर्बिणीला १४० पट. तेजोमेघांना तर त्याच्या पाव भागात काम भागतं.

आमची पसंती आठ इंची, म्हणजे २०० मिमी, डॉब्सोनियनला (साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीला) आहे. नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, मोटर नाही, जुळवाजुळव पाच मिनिटांची. जिना चढून गच्चीवर न्यायची असेल तर १३० मिमी, ६५० मिमी नाभीय अंतराची टेबलावरची डॉब्सोनियन घ्या. ती एका हातात मावते, आणि जी दुर्बीण सहज बाहेर निघते तीच वापरली जाते. ७० मिमीची भिंगाची दुर्बीण असेल तर टाकून देऊ नका: कृत्तिका, पुष्य, एम ७, मृगाचा तेजोमेघ तिच्यात छान दिसतात. फक्त तिच्यासोबत येणारा डगमगता तिपाई स्टँड खालून पाच किलोची पिशवी लटकवून स्थिर करा.

दुर्बीण अजून घेतलेलीच नसेल तर १०×५० चा द्विनेत्री घ्या. मोठे तारकागुच्छ त्यातून दुर्बिणीपेक्षा देखणे दिसतात.

कृत्तिका दुर्बिणीत मावत का नाही?

कारण ती जवळजवळ दोन अंश पसरली आहे. विशालन म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं. १२०० मिमीच्या दुर्बिणीत २५ मिमीची नेत्रिका ४८ पट देते आणि साध्या प्लॉसल नेत्रिकेचं ५० अंशांचं दृश्यक्षेत्र ४८ नं भागलं की आकाशातला एकच अंश उरतो. चार-पाच तारका दिसतात आणि गुच्छ हरवतो. ३२ मिमीची नेत्रिका लावली तरी १.३ अंश. ६५० मिमीच्या छोट्या दुर्बिणीत मात्र २५ मिमीची नेत्रिका १.९ अंश दाखवते आणि कृत्तिका जेमतेम बसते. इथे लहान दुर्बीण मोठीवर मात करते.

आणखी एक अडचण आपल्या अक्षांशाची. कृत्तिका ८१ अंशांपर्यंत चढते आणि डॉब्सोनियन नेमकी तिथेच अडते: नळी सरळ वर गेली की आडवं फिरवायला जोर लागतो आणि फाइंडरखाली (नळीवरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीखाली) मान घालावी लागते. डोक्यावर येण्याच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर बघा.

पहिल्या रात्री मृगातला तेजोमेघ कसा बघायचा?

१. दिवसाउजेडी फाइंडर जुळवा. किमान अर्धा किलोमीटर दूरचा देवळाचा कळस, चर्चचा क्रूस किंवा मोबाइल टॉवरचं टोक मुख्य दुर्बिणीच्या मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मधोमध आणा. सूर्याच्या दिशेला नळी वळवू नका.

२. अंधार पडल्यावर दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या तापमानाला येईल.

३. सर्वांत लांब नाभीय अंतराची नेत्रिका लावा आणि व्याधावर किंवा रोहिणीवर फोकस करा. तारा बारीकात बारीक टिंब व्हायला हवा. तेजोमेघावर फोकस करायला जाऊ नका, धुरकट गोष्ट फोकसमध्ये आली की नाही ते कळत नाही.

४. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण ओळखा. त्याच्या दक्षिणेला मंद तारकांची छोटी ओळ आहे. तिच्यातली मधली ‘तारका’ म्हणजेच एम ४२. फाइंडर तिच्यावर रोखा.

५. मधोमध चार तारकांचा चौकोन दिसेल, तो ट्रॅपेझियम. ७० पटीला ७० मिमीतूनही चारही सुट्या होतात. पाचवी आणि सहावी तारका सहा इंची दुर्बिणीत, स्थिर हवेच्या रात्री, १५० पटीच्या पुढे प्रयत्न केल्यास सापडतात.

६. आता घाई थांबवा. चौकोनाभोवतीचा उजळ भाग आधी दिसतो. पाच मिनिटांनी त्यात घुसलेली काळी खाच दिसते. मग दोन्ही बाजूंना कमानीसारखे पंख पसरत जातात आणि उत्तरेला एका एकाकी तारकेभोवतीचा छोटा ढग, म्हणजे एम ४३, वेगळा होतो. दुर्बिणीला मोटर नसेल तर एक अंशाच्या क्षेत्रातून तेजोमेघ चार मिनिटांत सरकून बाहेर जातो. त्याला पूर्व कडेला ठेवा आणि तो सरकत येईल तसं बघा.

या तेजोमेघाचं अंतर सुमारे १,३४० प्रकाशवर्षं. आत तारे जन्मतायत आणि ट्रॅपेझियमच्या तप्त ताऱ्यांमुळेच वायू उजळला आहे.

फोटोत लाल-गुलाबी, मग मला राखाडी का?

दुर्बीण बिघडलेली नाही. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. त्यातून हायड्रोजनची लाल रेषा ६५६ नॅनोमीटरवर आहे, तिथे अंधाराला सरावलेला डोळा जवळजवळ आंधळाच असतो. कॅमेरा मात्र ती मिनिटंच्या मिनिटं साठवत जातो. एम ४२ हा अपवाद म्हणावा असा: आठ इंची दुर्बिणीतून त्याच्या गाभ्यात फिकट हिरवट छटा पुष्कळांना दिसते. तारकागुच्छांतले रंग मात्र खरेच दिसतात, विशेषतः फोकस किंचित सैल केला की. वृश्चिकातल्या एम ६ मधला नारिंगी तारा शोधून बघा.

तिरक्या नजरेनं बघा म्हणतात, म्हणजे नेमकं कसं?

डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात. अंधुक गोष्टीकडे थेट बघितलं की ती विरते, बाजूला बघितलं की उमटते. पण बाजू कोणतीही चालत नाही, कारण डोळ्याला एक अंधबिंदूही आहे. उजव्या डोळ्यानं बघताना नजर वस्तूच्या उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहील. डाव्या डोळ्यानं बघताना नजर डावीकडे. दोन्हींना चालणारी युक्ती म्हणजे वस्तूच्या थोडं वर बघणं. सोबत नळीला बोटानं हलकी टिचकी मारा: हलणारी अंधुक गोष्ट डोळा लवकर पकडतो.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलची एक झलक ती कमाई घालवते. स्टेलॅरियमसारखं ॲप वापरत असाल तर रात्रीचा लाल मोड लावा आणि पडद्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर चिकटवा, नुसता लाल मोड बहुतेक फोनवर पुरेसा मंद होत नाही.

ओमेगा सेंटॉरी शोधायची सोपी पद्धत?

चित्रा नक्षत्र. चित्रेचा तारा आणि ओमेगा सेंटॉरी जवळजवळ एकाच वेळी याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतात, ओमेगा थेट ३६ अंश खाली. डॉब्सोनियनवाल्यांना ही आयती सोय आहे. चित्रा बरोबर दक्षिणेला आली, की ती मध्यभागी घ्या आणि आडवं अजिबात न फिरवता नळी खाली आणा. फोनमधलं उतार मोजायचं ॲप नळीवर ठेवलंत तर चित्रेला ६३ आणि ओमेगाला २७ अंश दिसतील. तिथे डावी-उजवीकडे अंशभर हलवलं की धुरकट गोळा क्षेत्रात येतोच. ही वेळ एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेबारा, मेच्या मध्यावर साडेदहा, मेअखेर साडेनऊ. गोव्याचं स्थानिक मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेच्या ३५ मिनिटं मागे आहे, म्हणून परदेशी तक्त्यांपेक्षा घड्याळ एवढं पुढे दिसतं.

हा गोलाकार तारकागुच्छ आहे, सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर आणि आकाशगंगेतला सर्वांत मोठा: जवळपास एक कोटी तारे. त्यात वेगवेगळ्या पिढ्यांचे तारे सापडतात, त्यामुळे तो एखाद्या गिळल्या गेलेल्या लघुदीर्घिकेचा गाभा असावा असं अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. द्विनेत्रीत तो फोकसबाहेरच्या ताऱ्यासारखा दिसतो. आठ इंचीत आधी ४८ पटीनं बघा, मग १० मिमीची नेत्रिका लावून १२० पट करा. विशालन वाढलं की आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते, पण ताऱ्याचं टिंब टिंबच राहतं, म्हणून गोलाकार गुच्छ वाढीव पटीला उलगडतात. कडेपासून आत तारे सुटे होत जातात, भाजणीच्या तव्यावर सांडलेल्या रव्यासारखे.

२७ अंशांवर बघताना प्रकाश डोक्यावरच्या दुपटीहून जास्त हवेतून येतो. दमट रात्री ओमेगा मलूल दिसला तर दोष दुर्बिणीचा नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची किंवा जमिनीकडच्या वाऱ्याची रात्र निवडा.

एम १३ नुसता कापसाचा गोळा दिसतो, तारे सुटत नाहीत. का?

त्याचे सर्वांत ठळक तारेच १२ व्या प्रतीच्या आसपास आहेत, ७० मिमीला ते झेपत नाहीत. ज्येष्ठेच्या पश्चिमेला सव्वा अंशावरच्या एम ४ पासून सुरुवात करा. तो आपल्या जवळचा आहे, सैल आहे आणि चार इंची दुर्बिणीतही त्याचे तारे दिसू लागतात. मग धनुतला एम २२. परदेशात एम १३ चा गवगवा होतो तो तिथे तो डोक्यावर असतो म्हणून. आपल्यासाठी एम २२ सरस आहे.

वृश्चिक-धनु परिसरात कशापासून सुरुवात?

नुसत्या डोळ्यांनी. विंचवाच्या नांगीतलं मूळ नक्षत्र ओळखा. त्याच्या ईशान्येला साडेचार-पाच अंशांवर धुरकट ठिपका दिसतो तो एम ७. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात त्याची नोंद केली आहे. त्याच्या वायव्येला चार अंशांवर एम ६. तिथून धनुतल्या टीपॉट नावाच्या आकृतीच्या तोटीपासून सहा अंश उत्तरेला एम ८, आणि त्याच्याही दीड अंश उत्तरेला एम २०. एम ८ मध्ये तेजोमेघ आणि त्यातूनच जन्मलेला तारकागुच्छ एकाच क्षेत्रात दिसतात. दोन्ही प्रकार एका नजरेत बघायला याहून चांगली जागा नाही.

कंकण तेजोमेघ, एम ५७, सापडतच नाही.

तो सापडलेला असतो, ओळखू आलेला नसतो. त्याचा व्यास सव्वा कलेच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास, गुरूच्या बिंबाहून थोडाच मोठा. ४८ पटीला तो किंचित सुजलेला तारा वाटतो. अभिजितजवळच्या स्वरमंडळाच्या समांतरभुज चौकोनातल्या दक्षिणेच्या दोन तारकांच्या मधे जा, जो तारा फोकसला नीट येत नाही तो मध्यभागी घ्या आणि १२० पट करा. मधली पोकळी दिसते. याउलट जंबुकातला एम २७ मोठा आणि उजळ आहे. ग्रहीय तेजोमेघांची (मरणाऱ्या ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगांची) सुरुवात त्याच्यापासून केलेली बरी.

फिल्टर घ्यावा का?

एकच घ्यायचा तर यूएचसी (अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट). तो हायड्रोजन-बीटा (४८६ नॅनोमीटर) आणि दोनदा आयनित ऑक्सिजनच्या (४९६ व ५०१ नॅनोमीटर) रेषा सोडतो, बाकीचा बहुतेक प्रकाश अडवतो. एम ८, एम १७, एम २७, करिना यांच्यात फरक डोळ्यांत भरतो. ओ-थ्री फिल्टर आणखी कडक असतो, ग्रहीय तेजोमेघांना उत्तम. विकत घेण्याआधी मित्राचा फिल्टर बोटांत धरून नेत्रिका आणि डोळा यांच्यामध्ये आतबाहेर करून बघा: तारे मंद होतात, तेजोमेघ तसाच राहतो.

तारकागुच्छ, दीर्घिका आणि कृत्तिकेभोवतीचा परावर्तित प्रकाशाचा धुरळा यांना फिल्टर काही मदत करत नाही. ‘शहरी प्रकाश’ अडवणारे स्वस्त फिल्टर पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळातले. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यांना तो गाळता येत नाही.

तारे शेपटीवाले दिसतात.

आरसे जुळलेले नाहीत. गाडीतून खड्ड्यांच्या रस्त्यानं नेलेली न्यूटनियन (डॉब्सोनियनसारखी आरशाची दुर्बीण) दर वेळी तपासावी. ठळक तारा मध्यभागी ठेवून फोकस सैल करा. वर्तुळं एककेंद्री असतील तर ठीक. मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली असेल तर मुख्य आरशाचे स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यभागी घ्या, परत बघा. स्क्रू करकचून आवळू नका, आरसा चिमटला जाऊन तारे त्रिकोणी दिसतात.

दव पडून सगळं धूसर होतं. उपाय?

गोव्यात निम्म्या रात्री यामुळेच बुडतात. न्यूटनियनचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो. आधी फाइंडर धुरकटतो, मग नेत्रिका, शेवटी दुय्यम आरसा. भिंगाच्या दुर्बिणीला पुढचं भिंगच उघडं असतं. तिला जुन्या योगा मॅटची नळी करून बसवा, लांबी व्यासाच्या दीड ते दोन पट, आतून काळी. वापरात नसलेली नेत्रिका खिशात ठेवा, अंगाच्या उबेनं ती कोरडी राहते, फक्त टोपण लावून. दव पडलंच तर पुसू नका. हेअर ड्रायर मंद उष्णतेवर, हातभर लांबून फिरवा.

खरा घात एसीच्या खोलीतून होतो. गार दुर्बीण दमट अंगणात आणली की क्षणात सगळ्या काचा पांढऱ्या होतात. एसी नसलेल्या खोलीत ठेवा, नाहीतर टोपणं लावूनच बाहेर आणा आणि नळी हाताला कोमट लागेपर्यंत ती काढू नका. रात्री आत नेल्यावर उलट: टोपणं लगेच बंद करू नका, पंख्याखाली तासभर सुकू द्या, मग लावा. ओलावा आत कोंडला की बुरशीला आमंत्रण.

डास आणि साप?

डासांचं मलम लावलेल्या हातानं नेत्रिकेला शिवू नका. डीट नावाचं द्रव्य प्लास्टिक आणि भिंगांवरचे लेप खातं. मलम लावून हात धुवा, मग बसा. अगरबत्ती-कॉईल वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर धूर आरशावर बसतो. कुळागराच्या किंवा गवताच्या कडेला बूट घाला आणि मांडामांड करण्यापूर्वी जमीन पांढऱ्या टॉर्चनं बघून घ्या. लाल उजेडात घोणस दिसत नाही. डोळे पुन्हा सरावतील.

मोबाइलनं फोटो येईल?

मोटर नसलेल्या दुर्बिणीवर एम ४२, बाकी फारसं नाही. फोन धरायचा अडॅप्टर घ्या आणि एक सेकंदाच्या आतले पुष्कळ फोटो काढून ॲपमध्ये एकावर एक रचा. ताऱ्यांच्या रेघा होतात त्या पृथ्वीच्या फिरण्यानं, सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग).

अश्वमुख तेजोमेघ आठ इंचीत दिसेल का?

गोव्याच्या दमट हवेतून, नाही. त्या वेळात एम ४२ आणखी बघा.

कुणासोबत शिकता येईल?

असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही गोव्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. दुर्बीण घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा एम ४२ बघावा, अपेक्षाही जमिनीवर येतात आणि पैसेही वाचतात.

पावसाळ्यात दुर्बीण कशी ठेवायची?

नेत्रिका, बार्लो (विशालन वाढवणारं जोडभिंग), फिल्टर हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत २०० ग्रॅम निळं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजून परत निळं करा. चामड्याच्या पेट्या, मखमल, फोम यांत काही ठेवू नका, ते ओल धरून ठेवतात. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती नेत्रिका बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

मुख्य नळी भिंतीपासून हातभर दूर, पलंगाखाली नव्हे, आणि पंधरवड्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून वारा द्या. समुद्रालगत राहणाऱ्यांनी आरशावरचे खारट ठिपके वर्षातून एकदा तपासावेत, कारण मीठ ॲल्युमिनियमचा लेप खातं. धुवायची वेळ आली तर आरसा काढून आधी वाहत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्या, मग ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून कापसाचा बोळा केवळ त्याच्या वजनानं फिरवा, दाबू नका. शेवटी पुन्हा ऊर्ध्वपातित पाणी ओता आणि आरसा उभा तिरका ठेवून सुकवा. स्टँडच्या स्क्रूंना शिलाई मशीनचं तेल बोटभर पुसा, नाहीतर चवथ येईपर्यंत ते गंजून बसतात.